भिंतीकडचा वाफा

कंपोझिटरच्या पोटात दुखायला लागलं ते फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. औषधानं जाणारं दुखणं नव्हतं ते. त्याच्या मुलीनं खिडकीच्या फळीवरचा त्याचा ट्रे हातभर डावीकडे सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा एक ट्रे आणून ठेवला. तो ट्रे जावयाचा होता.

"बाबा, एवढी जागा लागेल हं," ती म्हणाली. "यालाही टोमॅटो लावायचेत या वर्षी."

"लावू देत की," कंपोझिटर म्हणाला. "खिडकी काय कुणाच्या बापाची आहे?"

तसं पाहिलं तर खिडकी तिच्या बापाचीच होती, पण हे आता बोलायचं कुणी?

चाळीस वर्षं त्यानं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते. उलटी अक्षरं सुलट वाचायची, चुकीचा खिळा चिमट्यानं उचलायचा आणि बरोबरचा बसवायचा, हे त्याचं काम. पुढे छापखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली, तरी गल्लीत सगळे त्याला कंपोझिटरच म्हणत. निघताना त्यानं खिळ्यांची एक लाकडी केस मागून आणली होती. तिच्या बारक्या बारक्या खणांत आता बिया असत. वांगी, मिरची, कोबी आणि टोमॅटोचे चार प्रकार, प्रत्येक खणावर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. चिमटा मात्र जुनाच. त्या चिमट्यानं एकेक बी उचलून तो मातीत ठेवी तेव्हा शेजारी उभ्या माणसानं श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे.

आणि शेजारी उभं माणूस एकच असे, त्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं टिंबू. पाच वर्षांची असल्यापासून हिवाळा संपत आला की ती त्याच्याबरोबर खिडकीपाशी उभी राही. घरामागच्या बागेत पाच वाफे होते, पण खरा वाफा एकच, भिंतीकडचा. दिवसभर विटा तापायच्या आणि संध्याकाळपर्यंत ती ऊब मातीला पुरायची. तिथे टोमॅटोची बारा रोपं मावत, तेरावं नाही. ती बारा रोपं लावायची सकाळ ही बापलेकीची सकाळ. त्यानं खड्डा करायचा, तिनं रोप ठेवायचं, त्यानं माती दाबायची, तिनं पाणी घालायचं. त्या दिवशी कंपोझिटरच्या बायकोलाही बागेत यायची परवानगी नसे. "मी चहा तरी आणू का दारापर्यंत?" असं ती मुद्दाम विचारी. टिंबू मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तरी त्या सकाळी रजा टाकायची.

मग गेल्या वर्षी पानं गळायच्या सुमाराला तिनं लग्न केलं.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, दणकट, शीळ घालत फिरणारा, पानात वाढाल ते संपवून वर "आणखी आहे का?" विचारणारा. घर मिळेपर्यंत इथेच राहा, असं कंपोझिटरच्या बायकोनंच सुचवलं, आणि घर काही मिळेना. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण हा ग्रह सकाळी उठून सासूला भांडी विसळून द्यायचा. माणूस वाईट नव्हता. खरी अडचण तीच होती. वाईट असता तर उघड बोलता आलं असतं; चांगल्या माणसाला पाण्यात पाहायचं म्हणजे सगळं गुपचूप करावं लागतं.

एक दिवस जिन्यावरून त्यानं हाक मारली, "टिंबू, माझा पेचकस कुठेय?" आणि कंपोझिटरच्या हातातला चहा बशीत सांडला. तीस वर्षं ते नाव घरात एकाच तोंडात होतं. बायको स्वतः तिला "अगं ए" म्हणायची.

तर ट्रे आला, म्हणजे बारा रोपांचा प्रश्नही आला. तो बायकोनं जेवताना निकालात काढला.

"त्यात काय एवढं? ज्याची रोपं चांगली, ती भिंतीकडे लागतील. ही ठरवेल. आणि ज्याची असतील तो लावेल तिच्याबरोबर. दुसरा माणूस चहा करेल."

"चालेल!" जावई म्हणाला आणि पुन्हा आमटीकडे वळला, जणू बारा स्क्रू घट्ट करायचं काम सांगितलंय.

"चालेल," कंपोझिटरही म्हणाला. ती सकाळ आता स्पर्धेत लावली गेली होती, आणि ती हरायची कल्पनासुद्धा त्याला सहन होत नव्हती.

पेरणी झाली. कंपोझिटरनं जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या बाटलीभोवती गुंडाळून कागदी कुंड्या केल्या, माती चाळली, चिमट्यानं बी ठेवलं. जावयानं ट्रेमध्ये माती ओतली, अंगठ्यानं खड्डे पाडले आणि मीठ टाकावं तसं बी टाकलं. नाव नाही, तारीख नाही, ट्रेच्या कुठल्याही कडेला चिठ्ठी नाही.

"सगळे एकाच जातीचे आहेत, बाबा. लिहायचं काय?"

कंपोझिटरनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो शुद्धलेखनाच्या पुस्तकात भजी बांधून खाणारा माणूस असावा. पण मनात म्हणाला, बरं झालं. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पाणी घालायला विसरेल.

दहाव्या दिवशी दोन्ही ट्रे हिरवे झाले होते. जावई गुडघ्यावर बसून ट्रेकडे बघत राहिला. कामाला जायला त्याला उशीर झाला.

"दोन दोन पानं आलीत!"

"ती बीची पानं," टिंबू म्हणाली. "ती गळतात. खरी पानं मागून येतात. आणि हे बघ, रोप उजेडाकडे मान वाकवतं. म्हणून रोज सकाळी ट्रे अर्धा फिरवायचा. मग खोड सरळ राहतं."

दाराआड उभा असलेला कंपोझिटर ते ऐकत होता. हे वाक्य त्याचं होतं. शब्दाला शब्द. पाच वर्षांच्या टिंबूला त्यानंच ते सांगितलं होतं, आणि आज तिनं ते नवऱ्याच्या पानात वाढलं, कुणी रांधलं ते न सांगता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठला तेव्हा त्यानं पाहिलं, जावई बूट घालण्याआधी ट्रे फिरवत होता. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सगळे आपापल्या कामावर गेले, बायको भाजीला गेली, आणि दहाच्या ठोक्याला कंपोझिटर खिडकीपाशी आला. त्यानं आधी स्वतःचा ट्रे फिरवला. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जावयाचा ट्रेही फिरवला.

म्हणजे जावई सकाळी फिरवणार आणि हा दहाला तो परत होता तसा करणार. रोपं दिवसभर एकाच बाजूनं खिडकीकडे तोंड करून उभी राहणार, महिन्याभरात माना वाकड्या, आणि कुणाला काही कळणार नाही. उपटलं नाही, तोडलं नाही, विष घातलं नाही. नुसता ट्रे फिरवला. त्याला स्वतःलाही ते पाप वाटेना, खोडी वाटली. लहान मुलासारखं हलकं हलकं वाटत होतं.

तेव्हापासून हा नेमच झाला. दहा वाजले की कंपोझिटर खिडकीशी.

रोपं मात्र वाकेनात.

पहिला आठवडा त्यानं सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यात जावयाच्या रोपांना खरी पानं आली, कातरलेली, गडद. खोडं बुटकी, जाड, आणि सरळ इतकी की ओळंबा लावून घ्यावा. कंपोझिटर वाकून वाकून बघायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, ते त्या खिडकीपाशी अक्षरशः चालू होतं. त्याला संशय आला की लिफ्टवाल्यानं काहीतरी विजेचं कारस्थान केलंय. त्यानं फळीच्या खाली हात घालून दिवा शोधला. सापडला एक जुना मोजा, तोही त्याचाच.

मग त्यानं स्वतःच्या रोपांची घाई सुरू केली. गरम पाण्याच्या पाइपाशेजारी, जिथे भिंत कायम कोमट असते, तिथे तो आपला ट्रे दुपारनंतर हलवायला लागला. उबेनं रोपं भराभर वाढली. चार दिवसांत जावयाच्या रोपांपेक्षा दोन बोटं उंच झाली. रविवारी नाष्ट्याला त्यानं सगळ्यांना नेऊन दाखवली.

"वा! बाबांची तर पळतायत," जावई म्हणाला. त्यानं अगदी मनापासून म्हटलं, त्यामुळे कंपोझिटरची मजा निम्मी झाली.

टिंबूनं एका रोपाच्या खोडाला बोट लावलं आणि बापाकडे पाहिलं. खोड दोऱ्यासारखं बारीक होतं, वरून फिकं. उजेड कमी आणि ऊब जास्त मिळाली की रोप काडीपहिलवान होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्याला तर तिच्याआधी तीस वर्षं ठाऊक होतं. पण ज्या माणसाला चाळीस वर्षं पानभर मजकुरातला एक उलटा स्वल्पविराम दिसत आला, त्याला त्या महिन्यात स्वतःच्या हातातला ट्रे दिसत नव्हता. त्याला फक्त शेजारचा दिसत होता.

मार्च सरत आला तशी बागेतली माती मोकळी करायची वेळ झाली. दरवर्षी या कामाला कंपोझिटरला दोन दिवस लागत आणि मग तीन दिवस कंबर धरून बसावं लागे. जावयानं कोट काढून कुंपणावर टाकला आणि दुपारच्या जेवणाआधी पाचही वाफे खणून ठेवले. कंपोझिटर कडेला उभा राहून "इथे जरा खोल, तिथे जरा हलकं" असं उंटावरून शेळ्या हाकत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे जावई निमूटपणे खोल खणी आणि हलकं खणी. त्यावरही कंपोझिटरला राग आला. भांडायला काहीतरी जागा ठेवावी ना माणसानं!

खणून झाल्यावर जावयानं विचारलं, "आता कळायचं कसं, माती तयार आहे की नाही?"

कंपोझिटर पुढे होणार, तेवढ्यात टिंबूनं वाकून मूठभर माती उचलली.

"अशी दाबायची. मग बोटानं टिचकी मारायची. ढेकूळ तसंच राहिलं तर अजून ओली आहे, थांबायचं. फुटून मोकळी झाली तर तयार." तिनं टिचकी मारली. माती फुटली. मग तिनं जावयाच्या तळहातावर थोडी माती ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली.

कंपोझिटर घरात गेला. त्याला काही काम नव्हतं. न्हाणीघरात जाऊन त्यानं हात धुतले. त्यांना माती लागलेलीच नव्हती. ती मूठ मिटवण्याची रीतही त्याचीच होती. आपल्यानंतर तिला कुणी सांभाळणारं असावं, असं त्यानं किती वेळा बायकोला म्हटलं होतं. आपल्यानंतर. आपण समोर उभे असताना नव्हे.

एप्रिलमध्ये दोन्ही ट्रे रोज थोडा वेळ बाहेर ठेवायला सुरुवात झाली, रोपांना वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. आधी एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस. पहिल्याच वाऱ्यात कंपोझिटरची निम्मी रोपं आडवी झाली. जावयानं धावत जाऊन तो ट्रे आडोशाला ठेवला, काड्या रोवल्या, दोऱ्यानं हळूच बांधल्या. स्वतःचा ट्रे त्यानं उघड्यावरच ठेवला. त्याच्या रोपांनी वारा खाल्ला आणि आणखी जाड झाली.

आणि तो रविवार आला. ऊन स्वच्छ होतं, भिंत सकाळपासूनच कोमट. दोन्ही ट्रे पायरीवर शेजारी शेजारी ठेवले होते. टिंबूनं केस बांधले होते आणि बापाचा जुना सदरा घातला होता. बायको हात कमरेवर ठेवून पंचासारखी उभी राहिली.

निकालाची गरजच नव्हती. काड्यांना टेकलेली फिकी रोपं एकीकडे, आणि दुसरीकडे बारा ठेंगणे, हिरवे गडी.

"ही," टिंबू म्हणाली. तिनं बापाकडे न बघता जावयाच्या ट्रेला हात लावला.

कंपोझिटर म्हणाला, "बरोबर आहे. मी चहा टाकतो." आवाज नीट निघाला याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"थांबा, बाबा," जावई म्हणाला. तो कानापर्यंत लाल झाला होता. "मला एक सांगायचंय. टिंबूनं सांगितलं होतं बोलू नकोस, बाबांना बोलून दाखवलेलं आवडत नाही. पण आज बोलतो. ही रोपं माझी नाहीतच. मी पहिले चार-पाच दिवस ट्रे फिरवला असेल. तेव्हापासून रोज बाबा फिरवतायत. एक दिवस चुकले नाहीत. स्वतःची रोपं पडली, पण माझी सरळ ठेवली. हा वाफा बाबांचा. चहा मी करणार."

कंपोझिटरच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

"अहो, मला बोलला नाहीत कधी?"

कंपोझिटरच्या डोक्यात एकच हिशोब फिरत होता. जावई सकाळी फिरवतच नव्हता. म्हणजे दहाला आपण जे उलटं करत होतो, ते उलटं नव्हतं. रोज अर्धी फेरी. न चुकता. आपल्या हातानं.

जावई शीळ घालत आत गेला, कंपोझिटरची बायको त्याच्यामागे दूध आहे का बघायला गेली, आणि बागेत बापलेक उरली. हवी होती ती सकाळ कंपोझिटरला मिळाली होती.

त्यानं पहिला खड्डा केला. टिंबूनं रोप ठेवलं. त्यानं माती दाबली, तिनं पाणी घातलं. दुसरा खड्डा. तिसरा. दरवर्षी या वेळी तो बडबडत असे, या वर्षी नुसते खड्डे मोजत होता. चौथ्या खड्ड्यापाशी त्यानं खुरपं बाजूला ठेवलं.

"टिंबू, मी चांगल्यासाठी नव्हतो फिरवत."

तिनं पाण्याचा झारा खाली ठेवला.

"मला वाटायचं, तो सकाळी फिरवतो. मी त्याचं फिरवलेलं परत करत होतो. वाकडी व्हावीत म्हणून. दीड महिना." एवढं बोलून तो भिंतीकडे बघत राहिला. "मला तो नको होता इथे. तुझ्याबरोबर. आजच्या दिवशी."

"माहीत आहे," टिंबू म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मार्चच्या सुरुवातीला चष्मा विसरले म्हणून मी दवाखान्यातून परत आले होते. दहा वाजले होते. तुम्ही खिडकीपाशी होतात. आधी इकडे बघितलंत, तिकडे बघितलंत, मग ट्रे फिरवलात. बाबा, चांगलं काम करणारा माणूस असा इकडे-तिकडे बघत नाही."

कंपोझिटरला वाटलं, वाफ्यातल्या त्या चौथ्या खड्ड्यात आपल्यालाच कुणी बसवावं आणि वरून माती दाबावी.

"मग त्याच दिवशी मी याला सांगितलं, तू ट्रेला हात लावू नकोस, बाबा फिरवतात. म्हटलं, तुमची रागाची फेरी तरी उपयोगी पडू दे."

"त्याला खरं नाही सांगितलंस?"

"नाही."

"का?"

तिनं हाताची माती सदऱ्याला पुसली. मग म्हणाली, "तो किती खूश झाला होता ते तुम्ही बघितलं नाहीत. आणि तुमच्याबद्दल मला त्याच्यासमोर लाज वाटायला नको होती. आता हे तुमच्या-माझ्यात राहू दे."

तुमच्या-माझ्यात. सहा महिने कंपोझिटर ज्यासाठी जळत होता, ते हेच. एक तरी गोष्ट अशी, की जी तिनं बापाला दिली आणि नवऱ्याला नाही. ती आता त्याच्या हातात होती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच शरम वाटली.

मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. ती चौथं रोप खड्ड्यात ठेवत होती, पण नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होती. आत जावई कप मांडत होता. त्यानं काचेतून हात हलवला. तिनंही हलवला, आणि लगेच खाली बघितलं. सहा आठवडे ती त्या माणसाच्या शेजारी बसून जेवत होती आणि ही एक गोष्ट सांगत नव्हती. खोटं बोलायची सवय तिला नव्हती. ती लहानपणी साखर खाल्ली तरी स्वतःच येऊन सांगायची.

कंपोझिटर गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"कुठे चाललात?" तिनं विचारलं. "आठ राहिलीत."

"आलोच."

स्वयंपाकघरात बायको नव्हती, शेजारणीकडे दूध मागायला गेली होती. जावई पातेल्यातलं उकळणारं पाणी बघत होता.

"झाली इतक्यात?"

"जावईबापू, तो ट्रे मी तुमच्यासाठी फिरवत नव्हतो," कंपोझिटर म्हणाला. बसला असता तर बोलता आलं नसतं, म्हणून तो उभाच राहिला. "तुम्ही फिरवलेला परत करतोय असं मला वाटत होतं. तुमची रोपं वाकावीत म्हणून. मला तुमचं बघवत नव्हतं. चुकून चांगलं झालं, त्यात माझं काही नाही."

जावयानं गॅस बंद केला. उंच माणूस गप्प झाला की खोली लहान होते.

"म्हणजे तुम्हाला ती मरायला हवी होती?"

"मरायला नाही. वाकायला."

"दर रविवारी मी आईला फोनवर सांगतो," जावई म्हणाला. "सासरे फार बोलत नाहीत, पण माझा ट्रे रोज फिरवतात. तिनं ते तिच्या सगळ्या बहिणींना सांगितलंय."

कंपोझिटरनं मांडलेले कप विनाकारण पुन्हा सारखे केले.

जावयानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. वाफ्यात टिंबू पाठमोरी बसली होती. त्यानं विचारलं तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"हिला माहीत होतं?"

कंपोझिटरनं पापणीसुद्धा हलवली नाही.

"नाही," तो म्हणाला. "तिला कशाला सांगेन मी? आत्ता बाहेर सांगितलं, तेव्हा कळलं तिला. तिनंच मला आत पाठवलं, त्याला जाऊन सांगा म्हणून."

जावयानं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग "बरं" एवढंच म्हणाला, बाह्या वर सारल्या आणि मागच्या दारानं बागेत गेला. दार त्यानं जरा जोरात लावलं. ते त्याच्या हक्काचं होतं.

कंपोझिटर खिडकीशी उभा राहिला. बाहेरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जावई तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला, काहीतरी बोलला. टिंबूनं दचकून खिडकीकडे पाहिलं, बापाकडे. बापानं मान हलवली, नाही म्हणतात तशी, अगदी किंचित. ती तशीच थांबली. मग तिनं नवऱ्याच्या दंडाला कपाळ टेकलं.

दूध घेऊन आलेल्या बायकोनं विचारलं, "अहो, तुम्ही आत? आजची सकाळ तर तुमची ना?"

"गुडघे दुखायला लागले," तो म्हणाला आणि कप धुवायला घेतला. एकच कप तो फार वेळ धूत राहिला. आत जळत होतं, नाही असं नाही.

बाहेर जावयानं खुरपं उचलून पाचवा खड्डा केला. खड्डा उथळ होता. टोमॅटोचं रोप खोडासकट पानांपर्यंत गाडायचं असतं, म्हणजे खोडालाही मुळं फुटतात. कंपोझिटरनं खिडकी उघडायला ओला हात वर नेला, आणि खाली घेतला. टिंबू सांगेल त्याला.